आधी जबड्याला हात लावायला शिकवा

प्रति,
दंतवैद्यक शिक्षणाच्या नियामक परिषदांचे सदस्य, विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांचे सदस्य आणि दंतमहाविद्यालयांचे अधिष्ठाते

विषय : दातांची जुळणी आणि जबड्याचे विकार यांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण पदवीतच मिळण्याबाबत

महोदय, महोदया,

पदवी अभ्यासक्रमाच्या सुधारणेचा मसुदा मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. डिजिटल स्कॅनरला त्यात जागा मिळाली आहे, इम्प्लांटला मिळाली आहे, दात सरळ करणाऱ्या पारदर्शक अलायनरलाही मिळाली आहे. ती मिळायलाच हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जबड्याचा सांधा आणि तो हलवणारे स्नायू यांच्या विकारांसाठी मसुद्यात जे आहे, ते मी विद्यार्थिनी होते तेव्हाही तेवढंच होतं. दोन-तीन व्याख्यानं आणि लेखी परीक्षेत एखादं टिपण. रुग्ण तपासण्याची सक्ती नाही, प्रात्यक्षिक परीक्षेत प्रश्न नाही, इंटर्नशिपमध्ये एकाही केसची अट नाही. हे मुकाट्याने मान्य करणं मला शक्य नाही. पत्र तुम्हाला उद्देशून आहे, पण ते सगळ्यांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे. कारण ज्यांचे दात विनाकारण घासले जातात, ती माणसं तुमच्या बैठकांना नसतात.

मी जनरल प्रॅक्टिस करणारी दंतवैद्य आहे आणि आठवड्यातून एक दिवस इंटर्नना शिकवते. या विषयाशी माझा संबंध मात्र डॉक्टर होण्याआधीचा. तिसऱ्या वर्षाला असताना एका सकाळी जांभई देता देता माझा जबडा अडकला. त्याआधी बरेच महिने उजव्या कानासमोर ‘कट्’ असा आवाज यायचा. त्या दिवशी आवाज थांबला आणि तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. मी दंतमहाविद्यालयातच शिकत होते, म्हणजे मदत दहा पावलांवर होती. एका विभागात सांगितलं गेलं की वरची एक दाढ आधी टेकते आहे, ती घासून घेऊ. दुसऱ्या विभागाने अक्कलदाढ काढायला सांगितली. तिसऱ्याने ब्रेसेस सुचवल्या. एका सरांनी धीर दिला की आवाज बंद झाला ही चांगलीच गोष्ट आहे. माझं तोंड किती मिलिमीटर उघडतं हे पट्टी लावून कुणीच मोजलं नाही. कानासमोर बोट ठेवून सांधा पुढे सरकतो का, हेही कुणी पाहिलं नाही.

शेवटी एका फिजिओथेरपिस्टने हे दोन्ही केलं. सांध्यातली चकती पुढे निसटून अडकली आहे, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी व्यायाम दिले. तोंड हळूहळू पुन्हा पुरेसं उघडू लागलं. माझे दात शाबूत राहिले ते केवळ अपॉइंटमेंट लांबली म्हणून. माझे शिक्षक वाईट नव्हते, हे मला आवर्जून लिहायचं आहे. क्राउनची कड कशी तासावी, रूट कॅनालमध्ये फाइल कशी फिरवावी, हे त्यांनी जसं शिकवलं त्यावर मी आजही काम करते. जबडा कसा तपासायचा हे मात्र त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं. आणि तुमचा मसुदा असाच मंजूर झाला तर पुढच्या पिढीलाही कुणी शिकवणार नाही.

हा सांधा शरीरातल्या इतर सांध्यांपेक्षा वेगळा आहे. तोंड उघडायला लागलं की खालच्या जबड्याचं टोक आधी जागच्या जागी फिरतं, मग पुढे सरकतं. दोन्ही बाजूंचे सांधे एकाच हाडाला जोडलेले असल्यामुळे एक हलला की दुसऱ्याला हलावंच लागतं. मधे तंतुमय चकती असते. ती थोडी पुढे गेलेली असली, की उघडताना हाड तिच्यावर चढतं आणि आवाज होतो. कसलीही तक्रार नसलेल्या लोकांचं एमआरआय केलं, तर त्यांच्यातल्याही जवळजवळ एक तृतीयांश लोकांत चकती अशी सरकलेली दिसते. म्हणून न दुखणाऱ्या, न अडकणाऱ्या आवाजावर उपचार करायचे नसतात, रुग्णाला समजावून घरी पाठवायचं असतं. पण आवाज येता येता अचानक थांबला आणि तोंड उघडणं कमी झालं, तर ती वेगळी गोष्ट आहे आणि तिथे लवकर हात घालावा लागतो. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. एवढा फरक ओळखायला यंत्र लागत नाही. पट्टी लागते, बोटं लागतात आणि काय विचारायचं हे माहीत असावं लागतं.

आता तक्रारींकडे येते. पहिली तक्रार ऑक्लुजन, म्हणजे वरच्या-खालच्या दातांची जुळणी, कसं शिकवलं जातं याबद्दल. पहिल्या-दुसऱ्या वर्षी मुलं मेणात दाढा कोरतात, प्लास्टरची मॉडेलं आर्टिक्युलेटरवर, म्हणजे जबड्याच्या हालचालीची नक्कल करणाऱ्या यंत्रावर, चढवतात, वरच्या जबड्याची जागा त्या यंत्रावर नेणारा फेसबो एकदा लावून पाहतात. सेंट्रिक रिलेशनची, म्हणजे सांध्यातल्या जबड्याच्या आधारभूत जागेची, व्याख्या पाठ करतात, आणि ती व्याख्या पारिभाषिक कोशाच्या आवृत्तीगणिक बदलत आली आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. हे सगळं यंत्रावर. मग तोच विद्यार्थी इंटर्न होतो, पहिली कॅप बसवतो आणि आर्टिक्युलेटिंग पेपर, म्हणजे दात कुठे टेकतात ते दाखवणारा रंगीत कागद, हातात घेऊन गोंधळतो. मी हे दर आठवड्याला पाहते. ओपीडीतला पेपर बहुतेक वेळा जाड असतो. दात थुंकीने ओले असतात, म्हणून खरा डाग उमटत नाही आणि नको तिथे उमटतो. मोठा गडद डाग म्हणजे जास्त दाब, असं समजून इंटर्न तो घासायला लागतो. खरं तर डागाच्या आकारावरून दाब कळत नाही. कडेने रंग आणि मधे मोकळा ठिपका असेल तर बहुधा तिथे जास्त दाब असतो. रुग्ण खुर्चीत आडवा झोपलेला असतो, अर्धा जबडा बधिर असतो, आणि त्याला विचारलं जातं, ‘आता बरोबर लागतंय का?’ तो हो म्हणतो. संध्याकाळी बधिरपणा उतरतो आणि दात उंच लागायला लागतो.

माणसाला दातांच्या मधे आलेली वीस-एक मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची वस्तूही जाणवते. ज्या पेपरने आपण तपासतो तो कित्येकदा २०० मायक्रॉनचा असतो. म्हणजे रुग्णाच्या दाताला जे कळतं, ते आपल्या साधनाला कळत नाही. ८ मायक्रॉनची शिमस्टॉक फॉइल चिमट्यात धरून, शेजारच्या दातांत ती अडकते का आणि नव्या कॅपखालून सुटते का, हे पाहणं दोन मिनिटांचं काम आहे. दात कोरडे करायचे, रुग्णाला उठवून सरळ बसवायचं, हळूच टकटक करायला सांगायचं, आधी उलट बाजू तपासायची. कॅप बसवण्याआधी दात कसे टेकत होते याची नोंद केलेली असेल, तर नंतर काय बदललं हे कळतं. ही नोंद ठेवण्याची सवय मी एकाही महाविद्यालयात सक्तीची पाहिलेली नाही. उंच राहिलेल्या कॅपमुळे दात ठणकतो, पोर्सिलेन उडतं, कधी दाताचा तुकडा पडतो. चाव्याची अचूकता ही खरी आणि रोजची गरज आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणत नाही. ती यंत्रावरून उचलून माणसाच्या तोंडात शिकवा, एवढंच म्हणते.

दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. जबड्याचं दुखणं दात नीट न जुळल्यामुळेच येतं, असं आपल्याकडे उघडपणे कुणी शिकवत नाही. पण सगळं शिक्षण ते गृहीत धरूनच चालतं. या समजुतीला मोठा इतिहास आहे. १९३४ मध्ये जेम्स कॉस्टेन या कान-नाक-घसा तज्ज्ञाने दाढा गेलेल्या, जबडा जास्त मिटणाऱ्या रुग्णांमधल्या कानाच्या आणि डोक्याच्या तक्रारी सांध्याशी जोडल्या. पुढची कित्येक दशकं चावा उंच करणं आणि दात घासून जुळवणं हा उपचार ठरला. संशोधनाने मात्र या समजुतीला आधार दिला नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००३ च्या समीक्षेत, दात घासून चावा जुळवल्याने जबड्याचं दुखणं बरं होतं किंवा टळतं, असा पुरावा उपलब्ध चाचण्यांमध्ये सापडला नाही. झोपेत दात खाण्याचं मूळही दातांच्या जुळणीत नसून मेंदूच्या आणि झोपेच्या यंत्रणेत आहे, असं आज मानलं जातं. ब्रेसेसमुळे हा विकार होतो असंही सिद्ध झालेलं नाही, आणि ब्रेसेस लावून तो जातो असंही नाही. गालाचा स्नायू दुखतो म्हणून दाढ घासणं हे पोटरी दुखते म्हणून चपलेचा तळ घासण्यासारखं आहे. चप्पल बदलता तरी येते. दातावरचं कठीण आवरण, इनॅमल, पुन्हा येत नाही, आणि दाढेच्या टोकावर ते असतंच जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर.

१९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या परिषदेने आधी सौम्य, मागे घेता येणारे उपचार करा असंच सांगितलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जबड्याच्या दीर्घकालीन दुखण्याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत ठाम शिफारस कशाची आहे, पाहा. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती, थेरपिस्टने हाताने केलेली जबड्याची हालचाल, स्नायूंमधल्या दुखऱ्या गाठींवर हाताने उपचार, देखरेखीखाली व्यायाम, घरी करायचे व्यायाम, नीट समजावून सांगणं आणि धीर देणं. चाव्यात कायमचा बदल घडवणाऱ्या स्प्लिंटच्या (दातांवर बसवायच्या साच्याच्या) विरोधात ठाम शिफारस आहे, चकती काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेच्याही विरोधात. काढता-घालता येणाऱ्या साध्या स्प्लिंटच्या विरोधातही, अटींसह का होईना, शिफारस आहे. यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहेत आणि काही रुग्णांना मी स्वतः साधी स्प्लिंट देते. पण पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला हा वाद चालू आहे हे तरी माहीत असावं. माझ्याकडे आलेल्या इंटर्नपैकी जवळजवळ कुणालाच ते माहीत नव्हतं. जबडा दुखतो म्हटलं की नाइट गार्डचं, म्हणजे रात्री घालायच्या स्प्लिंटचं, माप घ्यायचं, इतकंच त्यांना माहीत होतं.

तिसरी तक्रार तपासणीबद्दल. तिच्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी सुधारणा इथेच आहे. जबड्याच्या विकारांचे निदान-निकष १९९२ मध्ये आधी संशोधनासाठी तयार झाले. २०१४ मध्ये ते दवाखान्यात वापरता येतील अशा स्वरूपात सुधारून प्रसिद्ध झाले. त्यांत कुठे दाबायचं, किती दाबायचं, किती वेळ दाबायचं, हे सगळं ठरवून दिलेलं आहे. कानशिलावरच्या टेम्पोरॅलिसवर आणि गालातल्या मॅसेटरवर एक किलो दाब, सांध्याच्या बाहेरच्या टोकावर अर्धा किलो. आणि दाबल्यावर ‘दुखतंय का?’ एवढंच विचारून थांबायचं नाही. विचारायचं, ‘तुम्हाला नेहमी जे दुखतं, ते हेच का?’ कारण जोरात दाबलं तर कुणालाही दुखेल. त्याचं नेहमीचं दुखणं जागं झालं, तरच निदानाला अर्थ आहे.

एक किलो म्हणजे बोटाला किती, हे शिकवायला मी साधा डिजिटल वजनकाटा टेबलावर ठेवते. इंटर्नने तर्जनी आणि मधलं बोट त्यावर ठेवायचं, आकड्याकडे न बघता दाबायचं, मग आकडा बघायचा. पहिल्या दिवशी कुणी तीनशे ग्रॅमवर थांबतं, कुणी अडीच किलोंवर जातं. अर्ध्या तासात बहुतेकांचं बोट ठिकाणावर येतं. मग एकमेकांच्या गालावर, मग रुग्णावर. इतकं साधं आहे हे. याला नवी इमारत लागत नाही, परदेशी यंत्र लागत नाही, वेगळी निविदा काढावी लागत नाही.

या तपासणीने काय होतं, ते एका रुग्णाच्या बाबतीत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मध्यमवयीन शिक्षिका, रोज तास न् तास बोलण्याचं काम. त्यांनी पिशवीतून तीन डब्या काढून टेबलावर मांडल्या. तीन स्प्लिंट, तीन डॉक्टरांच्या, तीन वेगळ्या सिद्धांतांवर बनवलेल्या. तिसरी फक्त पुढच्या दातांवर बसणारी होती आणि त्यांना ती दिवसरात्र, कित्येक महिने घालायला सांगितलं होतं. परिणाम असा झाला की ती काढल्यावर आता फक्त दाढा टेकतात आणि समोरच्या दातांत फट राहते. शिवताना दातांनी धागा तोडता येत नाही, असं त्या म्हणाल्या. मग चौथ्या ठिकाणी तो बिघडलेला चावा जुळवण्यासाठी सहा दाढा तासून त्यांवर कॅप बसवल्या गेल्या. दुखणं जिथल्या तिथे. मी मॅसेटरवर, जबड्याच्या कोपऱ्याच्या जरा वर, एक किलो दाब दिला. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, ‘हेच ते.’ इतक्या वर्षांत तिथे कुणी दाबून पाहिलं नव्हतं. चार डॉक्टर, पुष्कळ पैसे, सहा दाढा, आणि दुखणाऱ्या जागी एकदाही बोट नाही. त्या चौघांपैकी एकानेही मुद्दाम वाईट केलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना जेवढं आणि जसं शिकवलं गेलं, तेवढंच त्यांनी केलं.

त्यांना ते शिकवलं कुणी, या प्रश्नातूनच माझी चौथी तक्रार येते. महाविद्यालयाने रिकामी सोडलेली जागा रिकामी राहत नाही. शनिवार-रविवारचे कोर्स ती भरतात. कोर्स कुणाचा, तर बहुधा जो स्प्लिंटचं साहित्य, जबड्याची हालचाल मोजणारं यंत्र किंवा स्नायूंची विद्युतक्रिया दाखवणारं यंत्र विकतो त्याचा. प्रत्येक पंथाची आपली ‘योग्य’ जबड्याची जागा ठरलेली असते. एक पंथ म्हणतो मागे आणि वर, दुसरा म्हणतो पुढे आणि खाली. तरुण डॉक्टर दोन दिवसांत प्रमाणपत्र घेऊन परत जातो आणि सोमवारी पूर्ण तोंडाच्या कॅपची योजना रुग्णापुढे ठेवतो. रुग्णाला पडद्यावरचे आलेख दाखवले जातात. निरोगी माणसाचे आलेख कसे दिसतात, हे त्या रुग्णाला ठाऊक नसतं, आणि बऱ्याचदा डॉक्टरलाही नसतं. या कोर्सना तुमच्यापैकीच काही संस्था निरंतर शिक्षणाचे गुण देतात. हे थांबवणं तुमच्या हातात आहे आणि त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याचीही वाट बघावी लागत नाही. चांगले कोर्सही आहेत, प्रामाणिक शिकवणारेही आहेत. पण पदवीत पाया नसल्यामुळे चांगला कोर्स कोणता हे ओळखण्याची ताकदच तरुण डॉक्टरांत नसते.

उपचार ज्ञानाच्या पुढे धावले की काय होतं, हे या क्षेत्राने एकदा पाहिलेलं आहे. १९८० च्या दशकात चकतीच्या जागी टेफ्लॉनचा थर असलेली इम्प्लांट हजारो रुग्णांना बसवली गेली. चावण्याच्या दाबाखाली त्यांचे कण सुटले, शरीराने त्या कणांवर हल्ला केला, आजूबाजूचं हाड झिजलं. १९९०-९१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला इशारा देऊन ती बाजारातून काढावी लागली. तोवर ज्यांना ती बसवली होती, त्यांच्यापैकी कित्येकांना पुढे एकामागून एक शस्त्रक्रिया सोसाव्या लागल्या. ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना शिकवली जात नाही. ती शिकवली जायलाच हवी.

जे दुखणं जबड्यात जाणवतं पण जबड्याचं नसतं, त्याबद्दल थोडक्यात. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला चावता चावता जबडा थकून दुखतो आणि थांबलं की बरं वाटतं, सोबत कानशील हुळहुळतं. ही कानशिलातल्या टेम्पोरल धमनीची सूज असू शकते. ती वेळेत ओळखली नाही तर दृष्टी जाऊ शकते, आणि नाइट गार्डचं माप घेण्यात गेलेला आठवडा महागात पडतो. जिना चढताना जबडा दुखणं हृदयाचं असू शकतं. दिवसेंदिवस तोंड कमी उघडणं ही गाठीची खूण असू शकते. विजेच्या झटक्यासारखी कळ चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूची असू शकते, आणि तिच्यासाठी एकामागून एक चांगले दात काढले गेलेले रुग्ण प्रत्येक अनुभवी डॉक्टरने पाहिलेले आहेत. हे प्रश्न विचारायला शिकवणं म्हणजे एका दुपारचं काम आहे.

आणि रुग्णाशी बोलणं. झोप, ताण, खिन्नता, शरीरात इतर ठिकाणची दुखणी यांचा या विकाराशी घट्ट संबंध आहे, हे आता पक्कं झालेलं आहे. पण ते रुग्णाला सांगायचं कसं, हे न शिकल्यामुळे दोनच गोष्टी घडतात. एक तर दात घासले जातात, नाहीतर ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं म्हणून बोळवण होते. दाताला काहीही झालेलं नसताना चावा चुकीचा लागतो असं सतत वाटण्याचीही एक अवस्था आहे. १९७६ मध्ये तिला ‘फँटम बाइट’ असं नाव दिलं गेलं. अशा रुग्णाचे दात जितके घासाल तितका त्रास वाढतो. समोर असा रुग्ण आहे हे ज्याला ओळखता येत नाही, तो चांगल्या हेतूनेच त्याचं नुकसान करत जातो. स्त्रियांना हा विकार पुरुषांपेक्षा जास्त होतो, आणि ‘मनाचे खेळ’ हे शब्दही त्यांच्याच वाट्याला जास्त येतात, हेही इथे नोंदवते.

तुमची उत्तरं मला अंदाजाने माहीत आहेत, कारण ती मी बैठकांमध्ये ऐकली आहेत. वेळापत्रकात तास नाहीत, हे पहिलं. आर्टिक्युलेटरवर जे तास आज खर्च होतात, त्यांतले थोडे इकडे वळवले तरी पुरतील. प्रयोगशाळेत मेण कोरणाऱ्या मुलाचे चार तास कमी झाले, तर दंतवैद्यकाचं काही बिघडणार नाही. हा पदव्युत्तर विषय आहे, हे दुसरं. चेहरा आणि जबड्याच्या दुखण्याला अमेरिकेत २०२० मध्ये स्वतंत्र दंतविशेषता म्हणून मान्यता मिळाली, स्वीडनमध्ये ती त्याआधीपासून आहे. आपणही त्या वाटेने जावं असं मलाही वाटतं. पण हा विकार साधारण ५ ते १२ टक्के लोकांना असतो असं मानलं जातं. इतके रुग्ण तज्ज्ञांकडे आधी जात नाहीत, ते कोपऱ्यावरच्या जनरल दंतवैद्याकडे जातात. त्यांच्यातले बहुतेक साध्या उपचारांनी बरे होतात. नुकसान कुठे होतं, तर त्या पहिल्याच भेटीत. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीने या विकारांवर सविस्तर अहवाल काढला, त्यातही दंतवैद्यांचं शिक्षण अपुरं असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. ही उणीव एकट्या आपल्या वर्गांतली नाही. म्हणून ती चालवून घ्यावी असा मात्र त्याचा अर्थ होत नाही.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीपूर्वी जबड्याची ठरावीक पद्धतीची पूर्ण तपासणी देखरेखीखाली खऱ्या रुग्णांवर केलेली असावी आणि अंतिम प्रात्यक्षिक परीक्षेत तिला स्वतंत्र गुण असावेत. परीक्षेत नसलेली गोष्ट विद्यार्थी शिकत नाही, हे आपण सगळे जाणतो. म्हणून बाकी सगळं नाकारलंत तरी ही मागणी मान्य करा.

ऑक्लुजन आणि जबड्याचे विकार हे चार विभागांत विखुरलेले तुकडे एकत्र आणा. आठवड्यातून एक संयुक्त ओपीडी चालवा. तिथे मुखरोग, शल्य, कृत्रिम दंत आणि ऑर्थो (दात सरळ करण्याचा) या विभागांचे शिक्षक एकाच रुग्णाभोवती उभे राहतील आणि फिजिओथेरपिस्ट व मानसोपचार जाणणारी व्यक्तीही हजर असेल. माझ्यासारखी चार दारं फिरण्याची वेळ रुग्णावर येऊ नये आणि विद्यार्थ्यालाही एकाच दुखण्याची चार परस्परविरोधी स्पष्टीकरणं चार वर्षांत वेगवेगळी ऐकावी लागू नयेत.

निश्चित निदानाशिवाय, केवळ जबडा दुखतो म्हणून दात घासणं, तासणं किंवा चावा कायमचा बदलणं योग्य नाही, हे वाक्य अभ्यासक्रमात जसंच्या तसं लिहा. तोंड पूर्ववत करण्यासाठी दाताच्याच कारणाने कॅप लागत असतील तर तो वेगळा विषय आहे, आणि तो फरकही शिकवा.

यंत्र किंवा साहित्य विकणाऱ्यांनी चालवलेल्या वा पुरस्कृत केलेल्या कोर्सना या विषयात निरंतर शिक्षणाचे गुण देऊ नका. दोन दिवसांच्या प्रमाणपत्रावर कुणी स्वतःला ‘टीएमजे तज्ज्ञ’, म्हणजे जबड्याच्या सांध्याचा तज्ज्ञ, म्हणवून पाटी लावत असेल, तर त्याबद्दल नियम करा आणि तो पाळला जातो का ते पाहा.

हे सगळं करण्याआधी शिक्षकांना शिकवा. माझे शिक्षक चुकले ते न शिकवले गेल्यामुळे. आजच्या शिक्षकांवर तीच वेळ आणू नका. प्रत्येक महाविद्यालयातून दोघांना जरी प्रमाणित तपासणीचं नीट प्रशिक्षण मिळालं, तरी काम सुरू होऊ शकतं.

मसुद्यावरच्या हरकतींची मुदत संपण्याआधी या विषयासाठी किती क्लिनिकल तास ठेवणार, प्रत्येक विद्यार्थ्याला किती रुग्ण तपासावे लागणार आणि जबाबदारी कोणत्या विभागाची असणार, या तीन गोष्टी आकड्यांसह जाहीर करा. मला खासगी उत्तर नको. उत्तर जिथे सर्वांना वाचता येईल तिथे द्या. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी वेळ द्यायला मी तयार आहे आणि त्याचं मानधन मला नको. माझ्या ओळखीतल्या, याच रुग्णांवर रोज काम करणाऱ्या दोन फिजिओथेरपिस्टही तयार आहेत. कोणत्या महिन्यात यायचं तेवढं कळवा.

आपली,
एक दंतवैद्य आणि शिक्षिका